मोरोपंतांचे श्रोते

कवितेचा इतिहास लिहितांना कवि कोणत्या सालीं जन्मला, त्यानें किती ग्रंथ रचले, त्याच्या भाषेंत कोणते अलंकार आहेत, ह्यांचा विचार पुष्कळ होतो. त्या कवितेला श्रोते कोठून मिळाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक ग्रंथ लिहून झाला म्हणजे ग्रंथकाराचें अर्धेंच काम झालेलें असतें. उरलेलें अर्धें काम ऐकणारा किंवा वाचणारा भेटल्यावांचून पुरें होत नाहीं, आणि तें एकट्या ग्रंथकाराच्या हातून होणारेंहि नसतें. त्याला दुसऱ्यांचें साह्य लागतें. विशेषतः ज्यांच्याभोंवतीं आधींच श्रोते जमलेले आहेत, अशांचें साह्य लागतें. कऱ्हेच्या कांठीं बारामतींत बसून आयुष्यभर लिहिणाऱ्या मोरोपंतांच्या काव्याची कथा ह्या दृष्टीनें पाहिली, तर ती फार उद्बोधक आहे.

मोरोपंत रामचंद्र पराडकर ह्यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. घराणें मूळचें कोंकणांतील राजापूर तालुक्यांतल्या सौंदळ गांवचें. पन्हाळ्यावर केशव पाध्ये व गणेश पाध्ये ह्या विद्वान् बंधूंपाशीं त्यांचें अध्ययन झालें. पुढें ऐन तारुण्यांत ते बारामतीस आले आणि बाबूजी नाईक जोशी ह्यांच्या आश्रयाला राहिले. बाबूजी नाईक म्हणजे त्या काळचे मातबर सावकार व पेशव्यांचे नातलग. त्यांचे बंधु आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथांचे जांवई. १७४० त पहिले बाजीराव वारल्यावर पेशवाईचीं वस्त्रें बाबूजींना मिळावीं म्हणून नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं खटपट केली होती. ती सिद्धीस गेली नाहीं, तरी त्यावरून घराण्याचें वजन कळून येतें. ह्या नाईकांचा वाडा हेंच मोरोपंतांचें पहिलें श्रोतृस्थान. तेथें ते पुराण सांगत, नाईकांच्या घरांतील मुलांना शिकवीत आणि उरलेला वेळ लिहिण्यांत घालवीत. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीसच त्यांनीं देह ठेवला.

त्यांनीं किती लिहिलें ह्याचा नुसता अंदाज ऐकला तरी मन थक्क होतें. त्यांच्या एकूण पद्यांची संख्या पाऊण लाखाच्या घरांत जाते असें मानतात. 'आर्याभारतां'त त्यांनीं अठरा पर्वांचें महाभारत आर्यांत उतरविलें. रामायणें तर एकशें आठ रचलीं असें परंपरा सांगते. त्यांत ओष्ठ्य वर्ण सर्वस्वीं टाळून लिहिलेलें 'निरोष्ठ रामायण' आहे. 'कृष्णविजय' आणि 'मंत्रभागवत' हे मोठे ग्रंथ आहेत. आणि अखेरच्या काळांत पृथ्वी वृत्तांत रचलेली 'केकावलि' आहे. केका म्हणजे मोराची हांक. मोर जसा मेघाला तसा हा मयूर कवि परमेश्वराला हांका मारीत आहे, हें त्या नांवाचें मर्म होय.

परंतु ही कविता सोपी नव्हे. लांबलचक समास, संस्कृत शब्दांची दाटी, दोन्ही अर्धांच्या शेवटीं जुळविलेलें कित्येक अक्षरांचें यमक, आणि थोड्या शब्दांत पुष्कळ अर्थ भरण्याची हौस ह्यांमुळें ती एकदां वाचून कळत नाहीं. मोरोपंतांच्या जन्माआधींच श्रीधरस्वामी नाझरेकरांचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३) आणि 'पांडवप्रताप' (१७१२) हे ग्रंथ झालेले होते. त्यांची ओंवी अशी प्रासादिक कीं, चातुर्मासांत अक्षरओळख असलेला एखादा माणूस पोथी घेऊन बसला म्हणजे घरांतलीं बायकामुलें, शेजारीपाजारी, गडीमाणसें सर्वांना ती ऐकतां ऐकतां उमगे. श्रीधरांना मध्यस्थाची गरज नव्हती. मोरोपंतांना ती होती.

त्या काळीं मराठी मुलखांत छापखाना नव्हता. काव्य पसरावयाचें तें दोन मार्गांनीं: हातानें उतरलेल्या प्रतींनीं आणि तोंडानें. प्रत उतरणें हें दिवसगतीचें व खर्चाचें काम. आर्याभारतासारखा ग्रंथ उतरावयाचा म्हणजे लेखकाचे कित्येक महिने त्यांत जावयाचे. अशी प्रत तयार झालीच, तर ती दुसऱ्या एखाद्या सरदाराच्या वाड्यांत, शास्त्र्याच्या घरीं किंवा मठांत जाई. आणि तेथेंहि ती रुमालांत बांधून फडताळांत पडून राहण्याचेंच भय अधिक. नाईकांच्या वाड्यांत पुराणाला बसणारी मंडळी ती किती असणार? कवीचा आवाज वाड्याच्या चौकापर्यंत पोंचत होता. चौकाबाहेर तो नेणारा दुसरा कोणी तरी पाहिजे होता.

तो दुसरा म्हणजे हरिदास. नारदीय कीर्तनाची घडण लक्षांत घेतली म्हणजे हें काम त्याच्याकडे कसें आलें तें समजतें. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगांत एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याचें निरूपण करावयाचें, आणि उत्तररंगांत त्याच सिद्धांताला धरून एखादें आख्यान लावावयाचें. हें आख्यान हरिदास एका ग्रंथांतून वाचून दाखवीत नाहीं. मृदंग, झांज आणि तंबोरा ह्यांच्या साथींत उभा राहून तो कथा गद्यांत सांगतो आणि मधून मधून निरनिराळ्या कवींचीं पद्यें गातो. वर्णनाचें स्थळ आलें कीं वामनपंडितांचा श्लोक येतो. धांवपळीचा, थाटाचा प्रसंग आला कीं औरंगाबादच्या अमृतरायांचा कटाव येतो. कथा झपाट्यानें पुढें न्यावयाची असली, किंवा दोन पात्रांचा खटका उडवावयाचा असला, म्हणजे आर्या येते. कोठें साकी, कोठें दिंडी, आणि शेवटीं तुकोबांचा अभंग.

ह्या घडणींत एक मोठी सोय आपोआप साधलेली होती. तुकोबांच्या अभंगासाठीं आलेला वारकरी जातां जातां मोरोपंतांची आर्या ऐकून जाई. वामनाच्या श्लोकाची गोडी असलेला शास्त्री अमृतरायांच्या कटावावर मान डोलवूं लागे. एका कवीचे श्रोते दुसऱ्या कवीला मिळत आणि पहिल्याचें कांहीं उणें होत नसे. वामनपंडित मोरोपंतांच्या जन्मापूर्वींच निवर्तले होते; अमृतरायहि १७५३ त, म्हणजे मोरोपंत चोवीस वर्षांचे असतांना वारले. तरी एकाच आख्यानांत हे तिघे एकमेकांना हात देत उभे राहात. काव्याच्या प्रसाराचा एवढा विस्तृत आणि एवढा स्वस्त मार्ग त्या काळीं दुसरा नव्हता. देवळाचा सभामंडप हें त्याचें स्थळ. तेथें तिकीट नव्हतें, आणि वाड्याच्या देवडीवर असतो तसा पहारेकरीहि नव्हता.

मोरोपंतांचें वृत्तहि ह्या कामाला फार सोईचें पडलें. ज्याला लोक त्यांची आर्या म्हणतात ती छंदःशास्त्राप्रमाणें बहुधा गीति असते. तिच्या प्रत्येक अर्धांत बारा आणि अठरा अशा तीस मात्रा असतात, आणि दोन अर्धांत एक विधान पुरें होतें. हरिदासानें एक आर्या चालीवर म्हणावी, थांबावें, समास फोडून दाखवावा, आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावर अर्थ उमगल्याची खूण दिसली कीं तीच आर्या पुन्हां म्हणावी. पहिल्या वेळीं जें अवघड वाटलें तेंच दुसऱ्या वेळीं गोड लागे. यमकाची वाट श्रोत्याचा कान आधींच पाहूं लागे. कागदावर जो दुर्बोधपणा दोष म्हणून दिसतो, त्यानेंच कीर्तनांत हरिदासाला बोलावयास जागा करून दिली. कवितेनें हरिदासाला विषय दिला आणि हरिदासानें कवितेला अर्थ दिला.

ह्या सहकार्याचें सर्वांत नांवाजलेलें उदाहरण म्हणजे सोलापूरचे रामजोशी. त्यांचा जन्म १७६२ च्या सुमाराचा मानतात. घराण्याची रीत पुराण-कीर्तनाची. थोरले बंधु मुद्गल जोशी हे प्रतिष्ठित पुराणिक. रामजोशी मात्र तरुणपणींच तमाशाच्या नादीं लागले आणि लावण्या रचूं लागले. ब्राह्मणाच्या मुलानें डफ-तुणतुण्याच्या साथीला उभें राहावें, हें घराला मानवण्यासारखें नव्हतें. बंधूंनीं त्यांना घराबाहेर काढलें. तेव्हां ते पंढरपुरास गेले, तेथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें, आणि परत आले ते शास्त्र्याची विद्या व शाहिराची वाणी अशीं दोन्ही शस्त्रें घेऊन. त्यांची लावणी संस्कृतांतहि सहज खेळूं लागली. बाजार, छावणी आणि जत्रा ह्या ठिकाणीं त्यांच्या फडाला गर्दी लोटूं लागली.

सोलापूरहून पुण्याकडे जाणारी वाट इंदापुरावरून जाते, आणि इंदापुराहून बारामती कांहीं फार दूर नाहीं. ह्या भागांत रामजोशींची व मोरोपंतांची गांठ पडली. त्या भेटीची कथा लोकांत निरनिराळ्या तऱ्हेनें सांगितली जाते. परंतु तिचा गाभा एकच आहे. साठीला आलेल्या पंडित कवीनें तिशीच्या आंतबाहेरच्या ह्या शाहिराची रचना ऐकली, तिच्यांतील प्रतिभा ओळखली, आणि ही वाणी हरिकथेकडे वळवावी असा त्याला उपदेश केला. रामजोशींनीं तो मानला. फड सोडून ते कीर्तनाला उभे राहिले आणि मोरोपंतांच्या आर्या आपल्या आख्यानांत गाऊं लागले.

ह्या घटनेंत दोघांनींहि कांहीं पणाला लावलें होतें, हें विसरतां कामा नये. मोरोपंत हे पुराणिक, कर्मठ आचाराचे, थोर घराण्याच्या आश्रयाचे. तमासगीर म्हणून घरांतून बाहेर काढलेल्या माणसाला जवळ करणें हें त्यांच्या प्रतिष्ठेला झेंपणारें होतें असें त्या काळचे पुष्कळ लोक म्हणाले नसते. रामजोशींचें धाडस तर त्याहूनहि मोठें. ज्या लोकांनीं त्यांची लावणी डोक्यावर घेतली होती, त्यांच्यापुढें अवघड समासांची आर्या घेऊन उभें राहावयाचें, म्हणजे जमलेली गर्दी पांगण्याची जोखीम पत्करणें होतें. ती गर्दी पांगली नाहीं. फडावर कमावलेला गळा, ताल आणि सभाधीटपणा हें सारें रामजोशींनीं आर्येच्या सेवेला लावलें. नाईकांच्या वाड्यांत ज्यांचा कधीं प्रवेश झाला नसता अशा माणसांच्या कानीं मोरोपंतांचे शब्द पडले. आणि लावणीच्या नांवानें नाक मुरडणाऱ्या सभ्य गृहस्थांना रामजोशींचें कीर्तन ऐकावेंसें वाटूं लागलें. एकानें दुसऱ्याला आपले श्रोते दिले, दुसऱ्यानें पहिल्याला आपली प्रतिष्ठा दिली.

मोरोपंत १७९४ त गेले. रामजोशी १८१२ पर्यंत होते. म्हणजे कवि गेल्यावरहि सुमारें अठरा वर्षें त्याच्या शब्दाला एक समर्थ कंठ लाभला. आश्रयदात्याचें द्रव्य कवीला हयातींत पोसतें. परंतु तो गेल्यावर त्याच्या कवितेला जगवणें आश्रयदात्याच्या हातीं नसतें. तें अशा सहकाऱ्याच्याच हातीं असतें.

संगमनेरच्या अनंतफंदींचा वृत्तांतहि ह्याच जातीचा आहे. तेहि तमाशाचे गाजलेले शाहीर. आणि अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनीं तमाशा टाकून कीर्तन धरलें, असें परंपरा सांगते. शाहिरांच्या फडांतहि सहकार्याची चाल होतीच. होनाजी शिलारखाने ह्यानें रचावें आणि बाळा करंजकर ह्यानें गावें, अशी जोडी जमली आणि लोकांनीं दोन नांवांचें मिळून 'होनाजी बाळा' असें एकच नांव केलें. रचणाऱ्याला गळा हवा असतो आणि गाणाऱ्याला शब्द हवा असतो, ही गोष्ट पेशवाईच्या उत्तरकाळांतील कलावंतांना कोणी शिकवावी लागली नाहीं.

मात्र असें साह्य नुसतें घेऊन चालत नाहीं. मोरोपंतांनीं स्वतः दुसऱ्या कवींविषयीं कसें लिहिलें हें पाहण्यासारखें आहे. 'सन्मणिमाला' ह्या त्यांच्या रचनेंत त्यांनीं संतांच्या नांवांचे मणि ओंवून एक माळच केली आहे, आणि ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम ह्यांच्या परंपरेपुढें नम्रपणें मस्तक ठेविलें आहे. संस्कृताचा गाढा अभिमान असलेला हा पंडित प्राकृत अभंगकारांना कमी लेखीत नाहीं. ह्यांत कीर्ति मिळविण्याचा हेतु होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो भक्तीचा उमाळा होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, अभंग गाणाऱ्याला आर्या परकी वाटली नाहीं. ज्यानें दुसऱ्याचें नांव आदरानें घेतलें, त्याचें नांव घेण्यास दुसऱ्याची जीभ अडखळली नाहीं.

ह्या मार्गाला कांहीं उणीवहि होती. हरिदास आपल्या आख्यानाला उपयोगी तेवढेंच घेई. त्यामुळें द्रौपदीवस्त्रहरण, कृष्णशिष्टाई, कर्णवध असल्या रसभरित प्रसंगांना कंठ मिळाला, आणि एकशें आठ रामायणांतील कित्येक केवळ चमत्कृतीचीं रामायणें रुमालांतच राहिलीं. शिवाय तोंडीं फिरणारी आर्या वाटेंत बदलते. एका हरिदासाचा पाठ दुसऱ्याशीं जुळत नाहीं. दुसऱ्याच्या तोंडून बोलावयाचें म्हणजे आपल्या शब्दावरचा कांहीं हक्क सोडावा लागतो. ही किंमत मोरोपंतांच्या कवितेनें दिली, आणि ती देऊनच ती जगली.

१८१८ त पेशवाई बुडाली. सरदारांचे वाडे सुने पडूं लागले आणि पुराणिकांचा आश्रय आटला. आर्येला आतां नवे साथीदार पाहिजे होते. ते शाळेंत आणि छापखान्यांत मिळाले. १८५४ त परशुरामपंत गोडबोले ह्यांनीं 'नवनीत' हा मराठी कवितांच्या वेंच्यांचा संग्रह सिद्ध केला. त्याची रचना पाहिली तर ती कीर्तनाचीच आठवण करून देते: अनेक कवि एका पुठ्ठ्यांत, आणि एकासाठीं पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्याचीहि ओळख. १८६५ त व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांनीं केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. शाळाशाळांतून ज्यांचें व्याकरण चालत होतें, त्यांनीं केकावलीचा अर्थ सांगावयास घेतल्यावर नव्या शिक्षणांत वाढलेल्या वाचकाला ती वाचण्याजोगी वाटली ह्यांत नवल नाहीं. पूर्वीं समास हरिदास फोडून सांगे. आतां तें काम टीकाकार करूं लागला.

त्यानंतरचें काम मासिकांनीं केलें. माधव चंद्रोबा ह्यांच्या 'सर्वसंग्रहा'नें जुनी कविता छापण्याचा उद्योग आरंभिला. १८७४ त विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांची 'निबंधमाला' निघाली, आणि तींत त्यांनीं मोरोपंतांच्या कवितेचा जोरकस कैवार घेतला. १८७८ त 'काव्येतिहाससंग्रह' निघाला. तो काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्या तिघांनीं मिळून चालविला. बखरी, जुनीं पत्रें आणि काव्य हीं एकाच मासिकांतून निघत असल्यामुळें इतिहासाच्या ओढीनें आलेल्या वर्गणीदाराच्या हातीं जुनी कविता पडे आणि काव्याच्या भोक्त्याच्या हातीं बखर पडे. १८९० त मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून 'काव्यसंग्रह' निघूं लागला, आणि मोरोपंतांचे ग्रंथ शुद्ध व सुबक छापून घरोघर जाऊं लागले. १९०८ त लक्ष्मण रामचंद्र पांगारकर ह्यांनीं मोरोपंतांचें विस्तृत चरित्र व काव्यविवेचन प्रसिद्ध केलें. बारामतीच्या एका पुराणिकाची कविता अशा रीतीनें हातोहात शंभर वर्षांचा प्रवास करून आली.

पुढें दिवस पालटले. १८८० त अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें. साकी-दिंडीसारख्या कीर्तनांतल्या चाली नाटकांत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग शहरचा श्रोताहि गेला. केशवसुतांपासून कवितेची दृष्टि बदलली. नंतर बोलपट आला, रेडिओ आला. १९४७ त 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट निघाला आणि गाजला. मोरोपंतांना ज्यानें श्रोते मिळवून दिले, त्या शाहिराला नवीन साधनानें नवे श्रोते मिळाले; मोरोपंत मात्र शाळेच्या पुस्तकांत दहा-वीस आर्यांपुरते उरले. त्या आर्या गाऊन, फोडून, पुन्हां गाऊन दाखविणारा हरिदास वर्गांत नव्हता. तेव्हां तीच कविता क्लिष्ट आणि कृत्रिम ठरूं लागली. तिच्यांतलें एक अक्षरहि बदललेलें नव्हतें; तिची साथ सुटली होती.

आपलें लिखाण लोकांपर्यंत पोंचत नाहीं, ही तक्रार प्रत्येक पिढींतील लेखक करीत आला आहे, आणि बहुधा तो दोष लोकांच्या अभिरुचीवर टाकतो. मोरोपंतांनीं लोकांना दोष दिला नाहीं. अवघड लिहिणें हा त्यांचा स्वभाव होता व तो त्यांनीं सोडला नाहीं. परंतु ज्यांच्याभोंवतीं लोक जमत होते त्यांना त्यांनीं आपलें मानलें, मग तो पंढरीचा अभंगकार असो कीं सोलापूरचा शाहीर असो. म्हणूनच आजहि एखाद्या देवळांत नारदीय कीर्तनाचें आख्यान रंगूं लागलें म्हणजे झांजेच्या ठेक्यावर आर्या ऐकूं येते. आणि ज्यानें आर्याभारताची पोथी कधीं डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं असा श्रोताहि तिच्या यमकावर मान डोलावतो.